रेस्क्यू डायव्हरचा कोर्स: लक्ष कोणाचं, कुणावर?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याचे चौघं जण, म्हणजे दोघं भाऊ, थोरल्याची बायको आणि ऑफिसातला एक मित्र, स्कूबा डायव्हिंगचे ॲडव्हान्स्डपर्यंतचे कोर्स आटोपून आता दिवाळीनंतर मालवणला रेस्क्यू डायव्हर, म्हणजे अडचणीत आलेल्या डायव्हरला वाचवायला शिकवणारा कोर्स, करायला निघालेत. चौकशीत त्यांना सांगण्यात आलं की बॅच सहा जणांची, इन्स्ट्रक्टर एक. बुडणाऱ्याचं सोंग इन्स्ट्रक्टर स्वतः घेतो, एक जण त्याला वाचवतो आणि बाकीचे बोटीवर बसून बघतात. 'त्यातूनच टीमवर्क येतं'. धाकट्या भावाला दोन शंका आहेत. एवढी देखरेख पुरते का? आणि कोर्स स्वतःच्या बळावर निर्णय घ्यायला शिकवणारा असेल, तर इन्स्ट्रक्टरने लांबच राहिलेलं बरं नाही का? वहिनींची शंका वेगळी आणि जास्त रोखठोक आहे: "मी पन्नास किलोची, हे नव्वदचे. यांना मी ओढणार कशी?"

वहिनींकडे नंतर येतो. आधी सहाला एक. हा आकडा वाचून मी दचकलो नाही. एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी ही मर्यादा या धंद्यात सर्रास चालते, तेव्हा कागदावर सहा जण बसतात. मला खटकलं ते पुढचं वाक्य. एकटा इन्स्ट्रक्टर आहे आणि तोच बुडणारा झाला, तर तेवढा वेळ पाण्यात देखरेख करणारं कुणीच उरलं नाही. तो तोंड पाण्यात घालून निपचित पडलाय, डोळे तळाकडे. बोटीवरचे पाच जण काय करतायत हे त्याला दिसत नाही. त्याला वर आणणाऱ्याचे बुडबुडे थांबलेत का, हेही दिसत नाही. प्रमाण मग सहाला एक राहत नाही, सहाला शून्य होतं.

आपल्या बडोदेकरांना हे समजवायला लांब जावं लागत नाही. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आसपास वाढलेल्या कुणीही पाहिलं असेल, की पोरगं मल्लखांबावर उलटं होतं तेव्हा शिकवणारा खाली हात मोकळे ठेवून उभा असतो. करून दाखवायचं असेल तेव्हा तो चढतो, पण पोराची पाळी आली की तो जमिनीवरच. रेस्क्यूच्या कोर्सची सगळी देखरेख या एका गोष्टीवर तोलता येते: आत्ता या क्षणी कुणाचे हात मोकळे आहेत?

म्हणून बॅचमध्ये माणसं किती हे विचारण्याआधी, सोंग कोण घेणार हे विचारा. डाइव्हमास्टर (डीएम, म्हणजे इन्स्ट्रक्टरचा प्रशिक्षित सहाय्यक) घेणार असेल तर उत्तम. दुसरा इन्स्ट्रक्टर असेल तर त्याहून उत्तम. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने घेतलं तरी चालतं, किंबहुना घ्यावंच, कारण आपल्याला कुणी ओढत नेताना कसं वाटतं हे कळल्याशिवाय ओढण्याची पद्धत सुधारत नाही. आणि एक चोरवाट आधीच बंद करून ठेवा. डीएमच्या हातात कॅमेरा असेल तर तो डीएम मोजायचा नाही. हल्ली कोर्सच्या पॅकेजमध्ये व्हिडिओ धरलेला असतो आणि तो काढण्याचं काम नेमकं सहाय्यकाच्या गळ्यात पडतं. व्हिडिओ हवा असेल तर माणूस वेगळा ठेवा.

आता हा कोर्स आधीच्या कोर्सेसपेक्षा वेगळा का, ते सांगतो. ओपन वॉटर या पहिल्या कोर्समध्ये आणि ॲडव्हान्स्डमध्ये काही बिघडू नये म्हणून सगळी धडपड असते. रेस्क्यूमध्ये आपण मुद्दाम बिघाड घडवतो. मास्क उडवायचा, घाबरायचं, बेशुद्ध पडायचं, गायब व्हायचं. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या कोर्समध्ये असे दहा सराव आणि शेवटी दोन प्रसंग असतात. एसएसआय या दुसऱ्या संस्थेचा 'स्ट्रेस अँड रेस्क्यू' याच वाटेने जातो. खोट्या संकटाची अडचण अशी, की ते खरं व्हायला फारसं काही लागत नाही आणि झालं तरी बाहेरून तसंच दिसतं. हातपाय झाडणारा माणूस नाटक करतोय की त्याच्या घशात खरोखर पाणी गेलंय, हे बोटीवरून कळत नाही. म्हणून इथे देखरेख करणाऱ्याची गरज आधीच्या कोर्सेसपेक्षा जास्त आहे, विद्यार्थी कितीही अनुभवी असोत.

सगळ्यात नाजूक सराव कोणता विचाराल, तर बेशुद्ध डायव्हरला तळावरून वर आणणं. हा जरा जवळून बघू.

साधारण ६ मीटरवर एक जण पालथा पडलाय. वाचवणारा येतो, हलवून बघतो, प्रतिसाद नाही. रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तोंडाचा भाग) तोंडात आहे, मग तो तसाच दाबून धरायचा. (खऱ्या प्रसंगात तो तोंडातून सुटलेला असेल, तर परत बसवण्यात वेळ घालवायचा नाही, वर नेणं महत्त्वाचं. सरावात मात्र तो तोंडातून काढायचाच नाही, याला अपवाद नाही.) दुसरा हात समोरच्याच्या बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जाकिटाच्या, इन्फ्लेटरवर (हवा भरायच्या बटणावर). आता वाचवणारा बटण दाबतो. काही होत नाही. परत दाबतो. अजून काही नाही, म्हणून जरा जास्त दाबतो, आणि मग दोघं एकदम सुटतात. कारण वर जाताना दाब कमी होतो, बीसीडीतली हवा फुगते, तिने वेग वाढतो आणि वेगाने ती आणखी फुगते. ६ मीटरवर दाब १.६ पट असतो. तिथे भरलेलं फुप्फुस श्वास रोखून पृष्ठभागावर आणलं, तर आतली हवा १.६ पट व्हायला बघते, आणि फुप्फुसाला तेवढं फुगता येत नाही. भरल्या छातीने श्वास रोखला तर सव्वा मीटरच्या आसपासच्या खोलीवरूनही इजा होऊ शकते, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या उथळ बाजूलासुद्धा.

आणि श्वास कोण रोखतो? बहुतेक वेळा वाचवणारा रोखत नाही. रोखतो तो सोंग घेणारा. निपचित पडायचं म्हटलं की माणूस नकळत श्वास धरतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण मेल्याचं नाटक करताना छाती हलू नये असं शरीरालाच वाटतं. म्हणून सोंग घेणाऱ्याला खाली जाण्याआधी स्पष्ट सांगायचं: हातपाय सैल, डोळे उघडे, श्वास चालू, बुडबुडे दिसले पाहिजेत. वेग वाढतोय असं वाटलं तर नाटक सोडून स्वतःची हवा स्वतः काढायची. 'बेशुद्ध माणूस हवा कशी काढेल' असा वाद पृष्ठभागावर घालू.

या वेळी इन्स्ट्रक्टरची जागा ठरलेली असते. दोघांच्या समोर, हाताच्या अंतरावर, किंचित वरच्या बाजूला. एक हात समोरच्याच्या बीसीडीचा पट्टा धरता येईल इतका जवळ. नजर वाचवणाऱ्याच्या हातांवर कमी आणि सोंग घेणाऱ्याच्या बुडबुड्यांवर जास्त. बुडबुडे थांबले की सराव तिथेच थांबला. पट्टा धरायचा, हवा काढायची, रेग्युलेटरवर बोटाने टकटक करून 'श्वास घे' अशी खूण करायची. मिनिटाला ९ मीटर हा वर जाण्याचा सुरक्षित वेग मानतात. जुन्या काळी १८ चालायचे. ६ मीटरवरून यायला ४० सेकंद लागले पाहिजेत. शिकणाऱ्याला ते ४० सेकंद संपता संपत नाहीत.

इथे एक हिशेब फारसा कुणी सांगत नाही. सहा विद्यार्थी, प्रत्येकाने हा सराव दोनदा केला, तर विद्यार्थी दोनदा वर येतो आणि इन्स्ट्रक्टर बारा वेळा. पुन्हा पुन्हा वरखाली होणं हे डीकम्प्रेशनच्या आजाराला, म्हणजे दाब घटल्याने शरीरात वायूचे बुडबुडे धरण्याला, आमंत्रण आहे, खोली कमी असली तरी. त्यामुळे नववी-दहावी फेरी आली की थकलेला इन्स्ट्रक्टर खालीच थांबून 'जा तुम्ही दोघं' अशी खूण करतो. असं झालं की देखरेख संपली. चांगली शाळा हा सराव दोन दिवसांत वाटते, आधी बरंचसं काम उथळ पाण्यात उरकते आणि वर सोबत जायला दुसरा माणूस ठेवते. तुम्ही चौघं एकत्र जाताय, तर बॅच सहाऐवजी चारचीच करून मागा. पैसे थोडे जास्त पडतील, पण पैसे टाकण्यासारखी जागा हीच आहे.

घाबरलेल्या डायव्हरचा सराव दिसायला भयंकर, पण पृष्ठभागावर असल्याने त्यातला धोका आटोक्यातला आहे. पद्धत तुम्हाला पुस्तकात मिळेल: हात न पोचेल इतक्या अंतरावर थांबायचं, मोठ्याने आणि मोजक्या शब्दांत बोलायचं ('बीसीडी भर! वजन टाक!'), ऐकलं नाही तर मागून जाऊन टाकी गुडघ्यांत धरायची आणि त्याची बीसीडी आपण भरायची. त्याने मिठी मारली तर खाली जायचं. त्याला वर राहायचं असतं, तो सोडतो. बिघडतं ते हौशी अभिनयामुळे. सोंग घेणाऱ्याच्या अंगात संचारतं, तो समोरच्याचा मास्क ओरबाडतो, रेग्युलेटर खेचतो, डोक्यावर चढतो, आणि शिकणारा खरंच पाणी पितो. दोन मित्र एकमेकांचे बडी (पाण्यातले जोडीदार) असतील तर हे हमखास, भाऊ असतील तर विचारूच नका. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे ब्रीफिंगमध्ये ठरलं पाहिजे. मी रेग्युलेटरला हात लावण्याची मुभा कुणालाच देत नाही. खरा घाबरलेला माणूस तो ओढेल हे कबूल, पण ते शिकवायला उथळ पाण्यातला, उभं राहता येईल असा वेगळा सराव आहे.

आणि एक शब्द ठरवा. सरावात 'वाचवा', 'थांबा', 'सोड मला', 'जीव जातोय' हे सगळं नाटकात बोललं जातं, त्यामुळे त्यातला कुठलाच शब्द खऱ्यासाठी उरत नाही. आम्ही 'लाल' म्हणतो. छोटा शब्द, तोंडात पाणी असलं तरी निघतो आणि बुडणारा माणूस एरवी 'लाल' ओरडत नाही. पाण्याखाली टाकीवर तीन ठोके. हा शब्द ऐकला की सगळे सराव बंद, आणि तो उगाच वापरला म्हणून कुणाची थट्टा करायची नाही. एका बॅचमध्ये बेशुद्धाचं सोंग घेतलेला मुलगा ओढून आणताना खोकत होता. वाचवणारी ओढत राहिली, बोटीवरचे टाळ्या वाजवत होते. बाजूने पोहणाऱ्या डीएमने त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या पाहिल्या आणि 'लाल' तोच ओरडला. मुलाने लाट गिळली होती, पाच मिनिटांत ठीक झाला. तो शब्द ज्याच्या घशात अडकलाय त्यानेच उच्चारला पाहिजे असं नाही, बाहेरच्यानेही उच्चारावा, हे त्या बॅचनंतर मी ब्रीफिंगमध्ये आवर्जून सांगतो.

आता टीमवर्क. बोटीवर बसून बघण्याने टीमवर्क येत नाही. टीमवर्क म्हणजे प्रत्येकाला एक काम आणि ते काम सोडून दुसऱ्याच्या कामात हात न घालण्याची शिस्त, आणि आपल्या लोकांना हे दुसरं फार जड जातं. हरवलेल्या डायव्हरचा प्रसंग घ्या. बडी जोडीतला एक जण वर येतो आणि ओरडतो, "हा दिसत नाही!" पहिल्याच मिनिटात काय होतं? चार जण टाकी चढवायला लागतात. पाचवा इंजिन सुरू करा म्हणतो. (पाण्यात डायव्हर असताना!) कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी हिंदीत आज्ञा सोडतोय आणि बोटवाला दादा मालवणीत सगळ्यांना शांत बसायला सांगतोय. ज्याने शेवटचं पाहिलं त्या बडीला विचारायचं कुणालाच सुचत नाही, आणि तोवर प्रवाहाने बोट जागेवरून सरकलेली असते.

जमलेली टीम वेगळी दिसते, आणि पाहणाऱ्याला संथ वाटते. एक जण सूत्रं घेतो आणि पाण्यात उतरत नाही. तो बडीला बसवतो, विचारतो: शेवटचं कुठे पाहिलं, किती खोलीवर, किती वाजता, टाकीत हवा किती होती, तोंड कुठल्या दिशेला होतं? त्या जागी बॉय, म्हणजे खुणेचा तरंगता फुगा, टाकला जातो. एक जण फक्त बघतो: पृष्ठभागावर बुडबुडे, एखादा फिन, काहीही. त्याची नजर हटू द्यायची नाही. त्याला पाण्याची बाटलीसुद्धा मागू नका. एक जण घड्याळ आणि वही धरतो. एक ऑक्सिजन काढून जोडून ठेवतो, वापरावा लागो न लागो. बोटवाला फोन किंवा रेडिओ सांभाळतो, कारण किनाऱ्यावर कुणाला हाक मारायची हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. मग दोघं, फक्त दोघं, बॉयपासून शोध सुरू करतात, वाढत्या चौकोनाने किंवा दोर धरून गोल फिरून, आणि किती वेळाने परत यायचं हे ठरवूनच उतरतात. आज्ञा द्यायची ती नाव घेऊन. "कुणीतरी ऑक्सिजन आणा" म्हटलं की ऑक्सिजन येत नाही. "नीलेश, ऑक्सिजन. मिळाला की मला सांग" म्हटलं की येतो.

यात सगळ्यात अवघड भूमिका सूत्रं घेणाऱ्याची. ती तुमच्यातल्या सगळ्यात दांडग्या पोहणाऱ्याला देऊ नका, त्याचं लक्ष पाण्यातच असतं. तुमच्या पत्रावरून मला वाटतं वहिनींना द्यावी. नेमका प्रश्न विचारणारा माणूस इथे लागतो.

'इन्स्ट्रक्टरने लांब राहिलेलं बरं नाही का' या शंकेचं उत्तर याच प्रसंगात आहे. हो, इथे त्याने गप्पच बसावं. टीम गोंधळली तरी मिनिटभर गोंधळू द्यावी, कारण स्वतः निस्तरलेला गोंधळ लक्षात राहतो. पण गप्प बसणं आणि लक्ष काढून घेणं यांत फरक आहे. तो बोटीवर अशा ठिकाणी उभा असतो की पाण्यातली सगळी डोकी मोजता येतील, आणि दर थोड्या वेळाने मोजतो. शोधायला उतरलेल्या जोडीसोबत त्याचा सहाय्यक पाण्यात असतो, एक शब्दही मदत न करता. 'हरवलेला' माणूस कुठे आहे हे इन्स्ट्रक्टरला पक्कं माहीत असतं, आणि त्या माणसाजवळही कुणीतरी असतं. हे विसरू नका: हरवण्याचं सोंग घेणारा डायव्हर हा पाण्याखाली एकटा राहिलेला डायव्हर असतो. कोर्सच्या सुरुवातीला इन्स्ट्रक्टर हाताच्या अंतरावर हवा, शेवटच्या प्रसंगात आवाजाच्या अंतरावर चालेल. नजरेच्या पलीकडे कधीच नाही. तो मध्ये पडणार कशावरून, हेही त्याने आधी सांगून ठेवलेलं बरं. मी वर येण्याचा वेग, थांबलेले बुडबुडे आणि न जुळणारी डोकी एवढ्यावरच मध्ये पडतो. बाकी काही चुकलं तर ते नंतरच्या चर्चेत.

ती चर्चा, डीब्रीफ, हा कोर्सचा अर्धा भाग आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी भूक लागली म्हणून पाच मिनिटांत गुंडाळतात. वहीतल्या वेळा काढायच्या. कळल्यापासून बॉय टाकेपर्यंत किती, ऑक्सिजन तयार व्हायला किती, पाण्यात पहिला माणूस कधी. आकडे समोर असले की भाऊभाऊ भांडत नाहीत. आधी सोंग घेणाऱ्याने बोलावं, त्याला काय झालं ते त्यालाच माहीत असतं. इन्स्ट्रक्टर सगळ्यात शेवटी.

आता वहिनी. पन्नास किलोची व्यक्ती नव्वद किलोच्या माणसाला पाण्यात सहज ओढते, कारण पाण्यात त्याचं वजन तिच्यावर नसतंच. त्याची बीसीडी भरा, वजनाचा पट्टा सोडून टाका, तुमचाही सोडा, आणि टाकीच्या व्हॉल्व्हला धरून पाठीवर ओढा. वेग कमी पडेल. दम पुरवून ओढा, शर्यत नाही. पाण्यातून बाहेर काढणं मात्र एकटीने होत नाही. नव्वद किलोचं ढिलं शरीर बोटीच्या काठावर चढवणं एका पैलवानालाही जमत नाही. तिथे दोन माणसं वरून, एक खालून, आणि 'एक-दोन-तीन' म्हणणारा एकच आवाज. त्याआधी टाकी आणि बीसीडी उतरवलेली हवी, आणि ती उतरवताना तोंडातून श्वास देण्याची लय मोडायची नाही. श्वास चालू नसेल तर आधी दोन श्वास द्यायचे आणि मग ओढत असताना दर पाच सेकंदांनी एक, अशी साधारण पद्धत आहे. श्वास दिल्यावर एक बकल, मोजणी, श्वास, मग दुसरं बकल. हे दहा वेळा केल्याशिवाय हाताला बसत नाही. सरावात तोंडाला तोंड लावायचं नसतं, गालाजवळ फुंकर मारतात किंवा पॉकेट मास्क वापरतात. कुणाला संकोच वाटत असेल तर आधीच सांगा, त्यात काही नाही.

बोटीवर आल्यावर पाठीखाली कठीण फळी, छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. दाबणारा थकतो, म्हणून दोन मिनिटांनी माणूस बदलायचा; हेही टीमचंच काम. कोर्सला येण्याआधी २४ महिन्यांच्या आतलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण लागतं. ते बडोद्यातच करून जा, समुद्रावरचे दिवस त्यात घालवू नका.

ऑक्सिजनचा सिलिंडर बोटीवर आहे का, असं विचारलं की 'आहे' असंच उत्तर येतं. विचारायचं ते किती आहे. मिनिटाला १५ लिटर या दराने, म्हणजे डायव्हरला द्यायचा त्या दराने, १५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर १०० मिनिटं पुरतो, तोही पूर्ण भरलेला असेल तर. छोटी नळकांडी तर अर्ध्या तासात संपते. बोट किनाऱ्याला यायला किती वेळ, किनाऱ्यापासून हॉस्पिटलला किती, हे मिनिटांत मांडा आणि सिलिंडरच्या मिनिटांशी ताडून बघा. गेज वाचून दाखवायला सांगा. चांगला इन्स्ट्रक्टर रागावत नाही, उलट खूश होतो.

तयारीबद्दल. बडोद्याची गंमत अशी की पाणी भरपूर आहे आणि सराव करण्याजोगं खुलं पाणी जवळपास नाही. विश्वामित्री नदीत मगरी, आजवा तलावात मगरी. खंभातचं आखात नकाशावर जवळ दिसतं, पण तिथे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि गाळामुळे हात समोर धरला तर दिसत नाही. म्हणजे उरला स्विमिंग पूल. तो कमी लेखू नका. टाकी न लावता थकलेल्या माणसाला ओढणं, मागून जाऊन पकड सोडवणं, बकलं आणि श्वास यांची लय, पाण्याच्या काठावरून माणूस वर घेणं, एवढं पूलमध्ये पक्कं करून गेलात तर मालवणला तुमचा इन्स्ट्रक्टर मूळ कामाला वेळ देऊ शकेल. वर येण्याचा सराव मात्र इन्स्ट्रक्टरशिवाय पूलमध्येही करायचा नाही, कारण सव्वा मीटरची गोष्ट वर सांगितलीच.

आणि पूलवर जाल तेव्हा लाइफगार्डला आणि शेजारच्या लेनवाल्यांना आधी सांगा. हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बोट उलटून सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्याला फार काळ लोटलेला नाही. आपल्या शहरात पाण्याच्या काठी कुणी 'वाचवा' ओरडलं, तर लोक कपड्यांसकट उडी मारतात. मारतीलच, मारायलाही हवी. तुमच्या सरावासाठी त्यांना पाण्यात उतरवू नका.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारण्याचं बरंचसं वर आलंच: सोंग कोण घेणार, सहाय्यक कोण आणि तो दुसऱ्या कुठल्या ग्रुपला त्याच वेळी नेणार नाही ना, वर येण्याचे सराव किती दिवसांत, ऑक्सिजन किती मिनिटांचा. एक राहिलं. मजेखातर पहिल्यांदाच पाण्यात उतरणारे पर्यटक त्याच बोटीवर असणार का? असतील तर नको म्हणा. सीझनमध्ये बोटी भरून निघतात आणि इन्स्ट्रक्टरचं अर्धं लक्ष त्या नवख्यांवर जातं, जायलाच हवं. आणि पाण्यात उतरल्यावर एखादा सराव करायची मनाची तयारी नसेल, तर नाही म्हणायचा हक्क तुमचाच आहे. पैसे भरले म्हणून तो जात नाही. रेस्क्यू डायव्हरला शिकवायच्या गोष्टींत स्वतःला ओळखणं पहिल्या क्रमांकावर आहे, तेव्हा नाही म्हणणाऱ्याला नापास करणारी शाळा काय शिकवते हे मला कळत नाही.

कार्ड मिळाल्यावर एक होईल, त्याची तयारी ठेवा. सिंधरोटला मही नदीत किंवा चांदोदला नर्मदेत कुणी बुडालं की तुम्हाला फोन येईल: "तुम्ही तर रेस्क्यू डायव्हर ना?" जायचं नाही. तुमचं प्रशिक्षण सोबत डाइव्ह करणाऱ्या डायव्हरला मदत करण्याचं आहे. गढूळ नदीत, शून्य दृश्यमानतेत, झाडंझुडपं आणि तारांच्या गुंत्यात बुडालेल्याचा शोध घेणं हे वेगळं शास्त्र आहे, त्याला दोर सांभाळणारा वेगळा, पूर्ण चेहऱ्याचा मास्क वेगळा, सराव वर्षानुवर्षांचा. ते काम अग्निशमन दलाचं आहे, आणि एनडीआरएफची सहावी बटालियन आपल्या जरोदलाच आहे. तुम्ही काठावर राहून करण्यासारखं बरंच आहे: शेवटचं कुठे दिसला ते साक्षीदाराकडून नीट विचारून घ्या, ती जागा काठावर खुणेने पक्की करा, वेळ लिहा आणि बाकीच्यांना पाण्यात उतरू देऊ नका.

परतीच्या प्रवासाचं आरक्षण अजून केलं नसेल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास ठेवा. गाडीने कोल्हापूरमार्गे घाट चढून येणार असाल तर तीही उंचीच आहे, दाब तिथेही घटतो. रात्र मालवणात काढा आणि सकाळी निघा. बॅच चौघांची ठरली तर नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढचे आठवडे मागा, दिवाळीच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि इन्स्ट्रक्टरलाही तुमच्याकडे बघायला सवड असते.